चंदेरी कोटाचा वास

बातिमाला सर्दी झाली की कझाकस्तानातल्या कोस्तानाय शहरातल्या त्या गाड्या धुण्याच्या शेडचा धंदा बसायचा. पंप बिघडला तर मालक अर्काशा दोन शिव्या हासडून, एक लाथ घालून तो चालू करायचा. पण बातिमाचं नाक चोंदलं तर लाथ घालणार कुठे? गाडीचा बाहेरचा पत्रा काय, कोणीही धुतं. आतली घाण मात्र बातिमाची. त्यातही लहान मुलांच्या सीटा.

हिवाळ्यात शेडचं लोखंडी दार गोठून बसायचं. आत वाफेनं माणसाला माणूस दिसायचा नाही, आणि त्या वाफेतून बातिमाचा आवाज यायचा, करपलेलं पातेलं खरवडल्यासारखा: "शी! शी शी शी! ही सीट आहे का उकिरडा?"

मग गाडीची मालकीण. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, ओठ जेमतेम विलगणारे, जणू जास्त उघडले तर रंग उडेल: "बिस्किटाचे थोडेसे कण असतील हो, बाई."

बातिमा सीटच्या फटीत नाक खुपसायची आणि डोळे मिटायची.

"दूध. आंबलेलं. त्यावर केळं. खाली कुर्तचा, सुकवलेल्या दह्याचा, खडा, चोखून थुंकलेला, त्याला आता दाढी आलीय. आणि ओकारी. दोन वेळची."

"आमचा मुलगा कधीच ओकत नाही."

"मग नवऱ्याला विचारा."

अर्काशा वाफेत तोंड लपवून हसायचा. गिऱ्हाईक तणतणत जायचं, आणि पुढच्या महिन्यात परत यायचं, कारण बातिमानं धुतलेल्या सीटला फक्त साबणाचा वास यायचा.

जन्मभर तिनं हेच केलं होतं. लहानपणी सरकारी शेतीवरच्या गोठ्यात शेण, लग्नानंतर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी, नवरा गेल्यावर ही शेड. किळस तिला सगळ्याचीच यायची, मळमळ मात्र कशाचीच नाही. किळस हा तिचा स्वभाव होता, दुसऱ्या कोणाचा गाणं गुणगुणायचा असतो तसा. भाकरीवर बोटांचे ठसे, बसमधली दांडी, शिंकून हात पुढे करणारे नातेवाईक, सगळ्यांना एकच नाक मुरडणं. सगळ्यात जास्त घृणा तिला वाटायची ती त्या खोट्या जिभांची. बेल्ट लावला नाही की गाडी पिंपिं करून किंचाळते. तिचं तोंड दाबायला बकलात एक लोखंडी जीभ खुपसून ठेवतात. बाजारात झकास मिळतात. एकीवर गरुड, एकीवर घोडा, एकीवर चक्क आडनाव कोरलेलं. बातिमा ती चिमट्यात धरायची, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी. "बघ रे अर्काशा. कबरीवरचा दगड आधीच करून ठेवलाय. खिशात मावतो."

आणि एकदा, जानेवारीत, एक माणूस एक सीट घेऊन आला. नुसती सीट, गाडी नव्हती. चांगल्या मुलायम करड्या कापडाची. डाग नाही, कण नाही. बातिमानं नाक खुपसलं. वास नाही.

"हिचं धुवायचं काय?"

"जरा पुसा, चमकवा," तो म्हणाला. गोड माणूस होता, बोलताना दर वाक्याला मान डोलवायचा. "विकायला टाकतोय. फोटोत बरी दिसली पाहिजे ना. जवळजवळ नवीच. अपघातात होती, पण ओरखडा नाही. एक ओरखडा दाखवा!"

"आणि पोर?"

"पोरगी उडाली ना पुढे. काचेवर." मान डोलली. "जबडा शिवलाय, बोलेल म्हणतात डॉक्टर. पण पट्टा लावलेला होता हां! आम्ही तसले निष्काळजी लोक नाही. हे बघा, अजून लावलेलाच आहे."

पट्टा खरंच लावलेला होता. बकल घट्ट बसलेलं. खांद्यावरचे दोन्ही पट्टे शेवटच्या टोकापर्यंत सैल सोडलेले, जाड कोटातल्या पोराला मावावेत म्हणून. बातिमानं पट्ट्याखाली मूठ घातली. मग तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. तरी जागा उरली.

शेडमागे जाऊन ती बर्फात ओकली. गोठा, इस्पितळ, शेड, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही स्वच्छ सीटपायी.

परत आली, कात्री घेतली आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दोन्ही पट्टे कापले. तो "अहो! अहो!" करत राहिला. अर्काशानं तिला आठवडाभर बाहेर थंडीत टायर धुवायला उभं केलं. ती उभी राहिली. हातांना भेगा पडल्या. तरी माफी मागितली नाही.

आता तुम्ही म्हणाल, या बाईच्या घरी तरी सगळं नीट असेल. कुठलं!

घरी मुलगा सायात, सून मराल आणि सव्वा वर्षाची नात कुनसुलू, म्हणजे सुलू. आणि खुंटीवर कोट. हा कोट मरालच्या आईनं, उल्मेकेननं पाठवलेला. डोक्यापासून पायांपर्यंत एकसंध, चंदेरी, आतून मऊ पिसं ठासलेला, टोपीला सशाचे कान. सुलूला त्यात घातलं की हात आडवे व्हायचे ते आडवेच, आणि चेहरा आत कुठेतरी, विहिरीत पडलेल्या चंद्रासारखा. ढकलली तर ती गोल फिरून पुन्हा तिथेच यायची.

पुढच्या शनिवारी सगळ्यांना उल्मेकेनकडे जायचं होतं. नात पहिल्यांदा आजोळी येणार, म्हणजे बोकड कापणार, शेजारपाजार जमणार, आणि गाडीचं दार उघडताच डोक्यावरून गोळ्या-मिठाई उधळणार. उल्मेकेन रोज मरालच्या फोनवर बोलून पाठवायची, आणि मराल ते मोठ्यानं लावायची. आवाज असा, जणू मधात बुडवलेली सुई:

"मरा-आ-ल, माझ्या उंटाच्या पिल्लाला कोटातच आणा हं. सगळ्या बायका विचारतायत, कुठे आहे तो चंदेरी कोट, कुठे आहे तो चंदेरी कोट. मी म्हटलं, येतोय, येतोय. विहीणबाईंना सांग, कान वाकडे होऊ देऊ नका. त्यांना काय, सवय आहे धुवायची, पण हा धुवायचा नाही हं."

"ऐकलंत ना, आपा?" मराल सासूला विचारायची.

"ऐकलं. शेजारच्या इमारतीतही ऐकलं."

बातिमानं आधी सरळ सांगून बघितलं. रविवारी सुलूला कोटासकट गाडीतल्या सीटमध्ये बसवलं, पट्टे लावले, बकल टक्क केलं आणि सायातला हाक मारली.

"बघ."

तिनं सुलूला काखेत धरलं आणि वर ओढलं. बकल लावलेलंच, कोट दबला, फुस्स झाला, आणि पोर पट्ट्यांतून अशी निसटली, उशी अभ्र्यातून निघावी तशी. सुलूला मजा वाटली. ती खिदळली.

"कळलं?" बातिमा म्हणाली. "मी म्हातारी बाई ओढते तर निघते. गाडी आपटली तर काय होईल?"

सायातचे डोळे विस्फारले. त्यानं मरालला हाक मारली. मराल खाली आली. त्यानं तिला तेच करून दाखवलं. पोर आत, पोर बाहेर. आत, बाहेर.

"अगं बाई!" मराल म्हणाली. "म्हणजे बकल उघडायलाच नको! आणि मी रोज हातमोजे काढून बोटं गोठवत बसते!"

"तेच तर!" सायात म्हणाला. "आपा, तू आधी का नाही दाखवलंस?"

त्या दिवसापासून बकल कधी उघडलंच गेलं नाही. सुलूला वरून सरकवायचे आणि वरून उपसायचे, बरणीतल्या लोणच्यासारखं. बातिमा बघायची आणि तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडायच्या, त्या जेवतानाही जायच्या नाहीत.

"कोट काढा," ती म्हणायची. "पातळ लोकरीचं घाला, पट्टा अंगाशी घट्ट बांधा, मग वरून रजई घाला, कोट घाला, हवं तर घर उपडं करून घाला. पण पट्ट्याच्या वरून."

सायातकडे उत्तर होतं, आणि ते अगदीच वेडगळ नव्हतं. "आणि स्टेपवर, उघड्या माळावर, वादळात अडकलो तर? उणे तीस. इंजिन बंद. तेव्हा पातळ लोकर घालून बसवू पोरीला?"

"रजई काय छपरावर बांधून नेणार आहेस? तिच्या अंगावरच असेल ना!"

"आपा, पोरं रजया लाथाडतात."

"मग मी धरून बसेन. मला काय हात नाहीत?"

शेवटी तिनं विहिणीलाच फोन लावला. आवाजात जमेल तेवढं तूप घातलं. "उल्मेकेनबाई, आठवतं का, सुलूला पाळण्यात घातलं तेव्हा इथे येऊन बांधलंत तुम्हीच. काय सुरेख बांधलंत! कशी बांधली होती?"

"अंगाशी घट्ट," उल्मेकेन खुलली. "एक पट्टा छातीवर, एक गुडघ्यांवर. आणि मग वरून सात पांघरुणं. आमच्याकडे सातच्या सात घालतात. तुमच्याकडे घालतात का, माहीत नाही."

"पांघरुणं पट्ट्याच्या वरून ना?"

"मग काय खालून? खालून घातली तर पोर पट्ट्यात राहील का? सरकेल, पडेल."

"तेच तर म्हणतेय मी! गाडीतही तसंच—"

"अहो विहीणबाई," मध आटला, सुई उरली. "पाळणा तो पाळणा, गाडी ती गाडी. गाडीत कोण पडतं? तुम्हाला कोट आवडला नसेल तर सरळ सांगा."

बातिमानं फोन ठेवला आणि तो ज्या कानाला लावला होता तो कान पुसला.

मग तिनं बोलणं सोडलं. शुक्रवारी सीट शेडमध्ये नेली, धुवायची म्हणून. धुतलीही. सीटच्या पाठीमागे, जिथे कोणी कधी बघत नाही, तिथे पट्ट्यांना दोन-दोन फासे शिवलेले असतात, एक लांबचा, एक जवळचा. तिनं पट्टे लांबच्या फाशातून सोडवून जवळच्यात ओवले. आता पातळ कपड्यातली सुलू नेमकी मावणार, चंदेरी ससा मावणार नाही.

पण मावला नाही म्हणून कोट राहील याची तिला खात्री नव्हती. ही माणसं पट्टाच सोडून द्यायची, कोट नाही. बकलात खोटी जीभ खुपसणाऱ्या लोकांची तिनं जन्मभर घाण काढली होती. तिला माणसं ठाऊक होती. म्हणजे कोटच नाहीसा व्हायला हवा होता. चोरला तर शोधतील. फाडला तर शिवतील. पण वास?

वासाला शिवण नसते.

शनिवारी सकाळी घर उठायच्या आधी तिनं कामाला हात घातला. घोडीचं आंबवलेलं दूध, वाटीभर. खारवलेल्या हेरिंग माशाच्या डब्यातलं पाणी, तळाशी खवल्यांसकट. दोन्ही एकत्र केलं, नाकाशी नेलं, क्षणभर विचार केला, आणि थोडं लोणी वितळवून घातलं. लोणी वास धरून ठेवतं. मग कोटाचं अस्तर उलटं केलं, पिसांना चांगलं पाजलं, गळ्यापाशी, पोटापाशी, आणि कोट घर तापवणाऱ्या गरम नळांवर पसरला. हात तीनदा धुतले. स्वतःच्या हस्तकलेचीही तिला किळस आली, पण त्यात थोडा अभिमान मिसळला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

चहाच्या वेळेला मराल नाक धरून पळत आली. "आपा! काहीतरी मेलंय!"

मेला होता तो कोट. सायातनं तो दोन बोटांनी उचलला. एक सशाचा कान लोंबला आणि त्यातून एक थेंब पडला.

"माझ्याच हातून सांडलं रे," बातिमा म्हणाली. "माशांचा डबा उघडत होते. वय झालं, हात कापतात."

"आत्ता? आजच?" मरालचा आवाज रडका झाला. "आई काय म्हणेल?"

सायातनं कोट धुवून बघितला. गरम पाण्यानं वास जागा झाला आणि जिन्यात हिंडायला निघाला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "गॅस गळतोय का हो?" जुना कोट सुलूला होत नव्हता. वेळ जात होता. शेवटी गाडी घरातूनच बटण दाबून तापवली, पोरीला पातळ लोकरीचे दोन थर चढवले, टोपी, हातमोजे, पायात लोकरी बूट, आणि बातिमानं स्वतः तिला सीटमध्ये बसवून पट्टा अंगाशी ओढला. पट्ट्यात बोट जेमतेम शिरत होतं. वरून आपल्या हातानं शिवलेली रजई खोचली, तिच्यावर मेंढीच्या कातड्याचा झगा उलटा पांघरला. मग शेजारी बसली, रजईचा काठ मुठीत धरून.

रस्ता निळसर बर्फाचा होता, काचेसारखा. दोनदा गाडी वाकडी सरकली, सरळ झाली. सुलू सबंध वाट झोपली. गाल गुलाबी. मधे एकदा बातिमानं रजईखाली हात घालून बघितला. आत नुकत्याच भाजलेल्या पावाइतकी ऊब होती.

पण उल्मेकेनच्या दारात ती ऊब कोणाला दिसणार? दार उघडलं, गोळ्यांचा पाऊस पडला, कोणी फोन उगारून उभं, सगळ्या बायका मान उंचावून. आणि आतून निघाली तपकिरी लोकरीतली पोर, सोललेल्या बटाट्यासारखी.

उल्मेकेनचे हात हवेतच राहिले. "कोट?"

"आपांच्या हातून," मराल पुटपुटली, "मासे सांडले."

"मासे." उल्मेकेननं तो शब्द हळूच ठेवला, जमलेल्या सगळ्यांना नीट बघता यावा म्हणून. मग एकेक बाईकडे वळून: "मासे सांडले म्हणे! पिसांच्या कोटात मासे! अगं, मी तरी म्हणते, गाडीतून कसला वास येतोय."

गाडीतून काही वास येत नव्हता. बातिमापेक्षा ते कोणाला जास्त कळणार? पण बायकांची नाकं एकामागून एक वर झाली. जेवायला तिला व्याह्यांच्या मानाची वरची जागा मिळायची ती मिळाली नाही. दाराशी बसवलं, "वारा लागेल तुम्हाला, बरं वाटेल" म्हणून. शेजारची म्हातारी हळूच सरकली. मांसाचं ताट पुढे करताना एका पोरीनं श्वास रोखला, गाल फुगवून. बातिमानं खाल्लं. जन्मभर दुसऱ्यांच्या घाणीवर नाक मुरडणारी ती, आज तिच्यावर अख्खी मेजवानी नाक मुरडत होती, आणि तिला उठून ओरडायचं होतं, पण ओरडली असती तर सगळं उघडं पडलं असतं, आणि परतीचा प्रवास उरलाच होता.

परतीला निघताना उल्मेकेन घरातून बाहेर आली ती हातात मोठं गाठोडं घेऊन. "मला ठाऊकच होतं," ती मधाळली. "वाढत्या अंगाचा म्हणून एक मोठा आधीच घेऊन ठेवला होता." आणि गाठोड्यातून निघाला दुसरा ससा. सोनेरी.

बातिमानं आजूबाजूला नजर फिरवली. जवळ मासे नव्हते.

उल्मेकेननं स्वतः सुलूला त्यात कोंबलं, स्वतः उचलून सीटमध्ये बसवलं, सगळ्या बायकांसमोर. वरून सरकवायला गेली तर पोर सरकेना. बकल उघडून पट्टे ओढले तर पोटावर येईनात. तिनं गुडघा टेकवला, जोर लावला. सुलूनं असा टाहो फोडला की कुत्री भुंकायला लागली.

"सायात! हे काय झालंय तुझ्या सीटला? छोटी झाली का?"

सायात आला, वाकला, ओढलं, घाम फुटला, उणे तीसमध्ये. "मागून काहीतरी अडकलंय. सीट काढून उलटी करावी लागेल."

"मग काढ ना!"

सायातनं आपल्या उघड्या बोटांकडे बघितलं. मग काळोखी पडायला लागलेल्या रस्त्याकडे. मग वाऱ्याकडे तोंड केलं आणि लगेच फिरवलं. मराल म्हणाली, "अहो, मघाशी आली तशीच नेऊ या ना. रजई आहे की."

सायातनं बोटं खिशात कोंबली. मग म्हणाला, "मरू दे. कोण काढतंय आत्ता. कोट वरून घाला."

टक्क. पट्टा अंगाशी बसला, वरून रजई, वरून सोनेरी ससा पालथा पांघरला, कान दोन्हीकडे लोंबत. पाळण्यासारखा.

माया नाही, अक्कल नाही, त्या जबडा शिवलेल्या पोरीची गोष्टही नाही; ती तर बातिमानं तीनदा सांगितली होती आणि तिन्ही वेळा सायात "बिचारी" म्हणून फोन बघत बसला होता. जिंकला तो निव्वळ आळस. त्यानंतर सीट उलटी करायचा मुहूर्त सबंध हिवाळ्यात निघाला नाही, आणि सुलू सबंध हिवाळा तशीच हिंडली, पातळ लोकर, घट्ट पट्टा, वरून डोंगर.

मार्चमध्ये एकदा मराल शेडवर आली, फोन मोठ्यानं लावून. उल्मेकेननं अख्ख्या नातलगांना पाठवलेलं बोलणं: "मुलींनो-ओ, पोरांना गाडीत कसं बांधायचं ते माझ्याकडून शिका. पाळण्यात बांधतो ना, तस्सं! आधी पट्टा अंगाशी, मग वरून पांघरुणं. मी पहिल्यापासून हेच सांगतेय. आमच्या विहीणबाई बिचाऱ्या, त्यांना कुठलं कळायला, त्या माशांतच..." आणि मागे कोणीतरी फिसफिसून हसलं.

अर्काशा वाफेतून बातिमाच्या तोंडाकडे बघत होता, आता भडका उडणार म्हणून.

"किती जणांनी ऐकलं?" बातिमानं विचारलं.

"सगळ्यांनीच," मराल म्हणाली. "नात्यातल्या झुलेकातैच्या सुनेनं तर कालच कोट काढून बांधलं पोराला. फोटो टाकलाय."

बातिमानं फोटो बघितला. नाकाशेजारच्या सुरकुत्या होत्या तिथेच. "पट्टा पिळलाय डावीकडे," ती म्हणाली. "सांग तिला. म्हणावं, उल्मेकेननं सांगितलंय."

मग ती वळली. शेडमागे भिंतीला तो चंदेरी कोट टांगलेला होता. पाच वेळा धुतला होता तिनं, चुना लावून, व्हिनेगर लावून, शेडमधलं सगळ्यात जहाल द्रव लावून. गल्लीतली तीन कुत्री त्याच्याखाली बसली होती, माना वर करून, प्रसादाची वाट बघावी तशी. बातिमानं जवळ जाऊन अस्तरात नाक खुपसलं.

"शी," ती म्हणाली, आणि कोट काढून कुत्र्यांपुढे टाकला.